भावाचा फोन: रात्रीच्या पुण्यातल्या एका संशोधनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातलं आहे. संशोधिका, सहभागी मुली आणि जागा यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पीजीतल्या मुली एकमेकींना गावावरून हाक मारायच्या, म्हणून इथेही गावंच वापरली आहेत, पण ती गावं खरी नाहीत. मी या पीएच.डी.ची सहमार्गदर्शक होते. संशोधिकेने आणि जिच्यावर हे सगळं ओढवलं त्या मुलीने मजकूर वाचून होकार दिला, त्यानंतरच तो इथे मांडते आहे.

पार्श्वभूमी

नोकरीसाठी पुण्यात आलेल्या, पीजीत नाहीतर भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्या मराठी मुली रात्री बाहेर कुठे जातात, कुणाबरोबर जातात, काय पितात, घरी काय सांगतात आणि परत कशा येतात, हा संशोधिकेचा विषय होता. वयोगट २१ ते ३०. बहुतेक जणी तालुक्याच्या गावातून आलेल्या, कित्येक जणी घरातल्या पहिल्या पगारदार मुली.

दारू आणि बाई यांच्याबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ बोललं गेलंय, पण फिरून फिरून दोनच बायकांबद्दल. एक म्हणजे नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली. तिने मोर्चे काढले, गावात मतदान घ्यायला लावून बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली. गडचिरोलीत १९९३ मध्ये झालेल्या दारूबंदीमागे अशीच लोकचळवळ होती. चंद्रपूरमध्येही बायकांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी आली, आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. दुसरी म्हणजे डान्स बारमध्ये नाचणारी. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बार बंद केले, २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्यानंतरही नवे कायदे आणि नव्या याचिका २०१९ पर्यंत चालूच राहिल्या. इतकी वर्षं चर्चा झाली ती नाचणाऱ्या बाईच्या चारित्र्याची. समोर बसून नोटा उधळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चारित्र्याचा विषय क्वचितच निघाला.

स्वतःच्या पैशाने, मैत्रिणींबरोबर, स्वतःला बरं वाटतं म्हणून पिणाऱ्या मुलीला या दोन्ही चित्रांत जागा नाही. ती एकदम बातमीतच दिसते. जानेवारी २००९ मध्ये मंगळुरूच्या एका पबमध्ये घुसून मुलींना मारहाण झाली, तेव्हाही 'त्या तिथे गेल्याच कशाला' हा प्रश्न मारणाऱ्यांइतकाच, भल्या घरातल्या लोकांनीही विचारला होता. कायद्याची नजरही फार वेगळी नव्हती. दारू प्यायली जाते अशा जागी बायकांना नोकरीवर ठेवायला पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्याने मनाई केली होती. दिल्लीत लागू असलेलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं ते २००७ च्या डिसेंबरमध्ये. बाईला सुरक्षितता हवी तर ती पुरवावी, तिची नोकरी काढून घेऊ नये, असा त्या निकालाचा रोख होता.

पिणाऱ्या बाईत नवं काहीच नाही, हेही सांगायला हवं. आदिवासी पट्ट्यात मोहाची दारू गाळणाऱ्या आणि सणालग्नात ती पिणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. लोकांना खुपतं ते मध्यमवर्गीय, बहुतांशी सवर्ण किंवा सवर्णांच्या चालीरीती उचललेल्या घरातल्या मुलीने चारचौघांत ग्लास हातात धरणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या साधारण १९ टक्के पुरुषांनी आणि जेमतेम १ टक्का बायकांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. घरी बसून दिलेल्या उत्तरांतून हा आकडा आलाय. कुणाच्या कानावर पडलं तर काय होईल, याचा हिशेब बाईच्या उत्तरात असतोच, असं माझं मत आहे, आणि पुढे जे घडलं त्याने ते पक्कं झालं.

संशोधिकेने दोन जागा निवडल्या. पहिली पश्चिमेकडच्या उपनगरातली परमिट रूम, वरच्या मजल्यावर 'फॅमिली सेक्शन' असलेली. दुसरी पूर्व पुण्यातला एक पब.

परमिट रूममधला एक प्रसंग तिच्या टिपणात आहे तो इथे देते, कारण त्यात बराच अभ्यास आलाय. तीन मुली जिना चढून वर जातात. वेटर विचारतो, "फॅमिली आहे का?" मुली म्हणतात, आम्ही तिघीच. वेटर थबकतो, खाली जाऊन काउंटरवर विचारून येतो, आणि त्यांना हात धुवायच्या बेसिनशेजारचं, पार्टिशनमागचं टेबल देतो. मधलं टेबल रिकामं असतं. चखणा येतो, मेन्यू येतो, पण वेटर ऑर्डर घेताना कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही. तासाभराने शेजारच्या टेबलावर एक जोडपं दोन लहान मुलांना घेऊन येतं. बाई मुलांच्या खुर्च्या फिरवते, त्यांची पाठ या तिघींकडे होईल अशा. तिचा नवरा व्हिस्कीची क्वार्टर मागवतो. मुलं आता बापासमोर बसलेली असतात.

पबमधला हिशेब वेगळा. तिथे गुरुवारी 'लेडीज नाइट', ठरावीक वेळेपर्यंत मुलींना ड्रिंक फुकट. एकट्यादुकट्या मुलग्यांना, म्हणजे 'स्टॅग' लोकांना, प्रवेश नाही किंवा जबर कव्हर चार्ज. अमेरिकेत ॲशली मीअर्स यांनी महागड्या क्लबांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की देखण्या मुलींना मुद्दाम फुकट आणून बसवतात, कारण त्यांच्या असण्यावर श्रीमंत पुरुषांचा खर्च वाढतो. फिलाडेल्फियातल्या तरुण मुलग्यांबद्दल डेव्हिड ग्रेझियन यांनी लिहिलंय की मुली पटवायला म्हणून टोळीने निघालेल्या मुलग्यांना त्यात यश क्वचितच येतं, पण एकमेकांसमोर मर्द ठरायचा कार्यक्रम मात्र रोज पार पडतो. पुण्यातल्या मुलींना ही गणितं कुणी शिकवावी लागली नव्हती. नांदेडची पहिल्याच मुलाखतीत म्हणाली होती, "ताई, फुकट काही नसतं. आम्ही बसलोय म्हणून ते आत येतात, ते आत येतात म्हणून आम्हाला फुकट."

कामाचे नियम सुरुवातीलाच ठरले होते. रात्री फक्त निरीक्षण. मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी, पूर्ण शुद्धीत, आणि रात्री दिलेली संमती तेव्हा पुन्हा विचारायची. संशोधिका स्वतः पिणार नाही. यावर आमची बरीच चर्चा झाली होती. न पिणारी बाई टेबलावर बसली की बाकीच्यांना आपण काचेखाली ठेवल्यासारखं वाटतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. "तू लाइम सोडा घेऊन आमच्याकडे बघत बसतेस," असं तिला तोंडावर ऐकवलं गेलं. तरी तिने ते बदललं नाही. रात्री दीडला जागा बंद झाल्यावर एखादीला नीट घरी पोचवायची वेळ आली तर आपण शुद्धीवर असायला हवं, हे तिचं कारण होतं आणि मला ते पटलं होतं.

कायद्याची एक बाजू मात्र सगळ्या टिपणांवर लटकत होती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो, बिअर-वाइनसाठी वय २१ आणि व्हिस्की, व्होडका, रमसारख्या कडक दारूसाठी २५ पूर्ण असावं लागतं. प्रत्यक्षात एक दिवसाचा परवाना मागणारं आणि देणारं दोन्ही दुर्मिळ. म्हणजे तेवीस वर्षांच्या मुलीने व्होडका मागवली, इतकी साधी नोंदसुद्धा तिच्या आणि पबमालकाच्या विरोधात वापरता येईल अशी.

अडचण

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये दारू प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. शहर हादरलं, आणि ते योग्यच होतं. राज्य उत्पादन शुल्क खात्याने पब आणि परमिट रूम तपासायला घेतले, काहींना सील लागलं. त्याबरोबर 'पब संस्कृती' हा शब्द पुन्हा घराघरात पोचला. अल्पवयीन मुलाला गाडी कुणी दिली आणि दारू कुणी दिली, या प्रश्नांच्या शेजारी 'हल्लीच्या मुली' हा विषयही येऊन बसला. त्या अपघाताशी मुलींच्या पिण्याचा संबंध काय, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

संशोधिकेचा पब वेगळा होता. त्या रात्री ती तिथेही नव्हती. तरी आठवड्याभरात दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या.

पबच्या मॅनेजरने तिला बोलावलं. आतापर्यंत मैत्रीने वागणारा माणूस, पण आता चांगलाच घाबरलेला. "मॅडम, तुम्ही आमच्याबद्दल काय काय लिहिलंय ते एकदा दाखवा. तारखा आहेत का त्यात? वय लिहिलंय का कुणाचं?" वही दाखवली नाही तर परवानगी बंद, हे त्याने सांगून टाकलं.

दुसरी गोष्ट सहभागी मुलींपैकी एकीची, साताऱ्याचीची. पबच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलींची कुणीतरी रस्त्यावरून काढलेली, जुनीच असलेली एक क्लिप त्या दिवसांत फिरायला लागली. त्यात ती चार-पाच सेकंद दिसत होती. हातात चपला, मैत्रिणीच्या खांद्यावर हात, हसत होती. क्लिप फिरत फिरत तिच्या चुलत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली. रात्री साडेदहाला तिचा संशोधिकेला फोन आला. ती रडत नव्हती. आवाज एकदम सपाट होता.

"ताई, मी घरी सांगितलंय की मी तुमच्या सर्व्हेसाठी गेले होते. दादा तुम्हाला फोन करेल. तुम्ही फक्त हो म्हणा. आणि ती पीत नाही, एवढं एक सांगा. बाकी काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. संशोधिका तेव्हा बसमध्ये होती, तिने उचलला नाही. तिने मला फोन केला.

समोरचे पर्याय

आम्ही तासभर बोललो. मनात आलेले पर्याय पाचच होते, पण प्रत्येकाला दुसरी बाजू होती.

मुलगी सांगते तेच भावाला सांगायचं, हा सगळ्यात जवळचा आणि माणुसकीचा वाटणारा मार्ग. तिचं आयुष्य, तिची मागणी. आपण तिच्या घरातल्या माणसांना ओळखत नाही, ती ओळखते. पण त्यात तीन धोके होते. एक, खोटं उघडं पडलं तर मुलीची उरलीसुरली विश्वासार्हता जाणार आणि तिच्याबरोबर बाकी सगळ्या मुलींचीही, कारण मग प्रत्येकीच्या घरी 'ती मॅडम तर खोटंच सांगते' हे पोचणार. दोन, एकीसाठी 'ती पीत नाही' म्हटलं की उद्या दुसरीच्या भावाने विचारल्यावर तसं न म्हणणं म्हणजे ती पिते, असंच होणार. तीन, ती आपल्या अभ्यासात आहे हे मान्य करणं हाच गोपनीयतेचा भंग, मग तो तिच्या सांगण्यावरून का असेना. हा तिसरा मुद्दा मला तेव्हा जितका भक्कम वाटत होता तितका आज वाटत नाही. सहभागीने स्वतः सांगितलं असेल तर तिचं नाव तिच्या ताब्यातलं आहे. पहिले दोन मात्र तसेच आहेत.

फोन न उचलणं हा दुसरा मार्ग. तो आम्ही लगेच सोडला. मोठ्या भावाचा फोन कुणी उचलत नाही, याचा अर्थ घरात एकच लावला जातो.

तिसरा, भावाला खरं सांगायचं आणि त्यात वाईट काय, हे समजावायचं. संशोधिका तरुण आहे, तिला क्षणभर हे फार धीराचं वाटलं. पण धीर आपला आणि किंमत दुसरीची, असा तो व्यवहार होता.

चौथा, कुणाबद्दलही हो किंवा नाही न म्हणणं, आणि तेच वाक्य प्रत्येकाला सांगणं. संमतिपत्रात तसं लिहिलेलं होतं. अडचण एवढीच की सातारच्या घरात बसलेल्या माणसाला हे वाक्य सरकारी वाटणार, आणि तो त्यातून आपल्याला हवं ते काढणार.

पाचवा, मुलीचा सगळा मजकूर काढून टाकायचा, म्हणजे ती अभ्यासात नाही हे वाक्य खरं होईल. शब्दांचा हा खेळ मला पटला नाही, पण मजकूर काढून घ्यायचा हक्क तिला होताच आणि तो तिला पुन्हा सांगायला हवा होता.

मॅनेजरची बाब तुलनेने सोपी होती, कारण तिथे कायदा स्पष्ट आहे. वकील आणि अशिलातलं बोलणं कायद्याने सुरक्षित असतं, संशोधक आणि सहभागीतलं नसतं. तपास अधिकारी किंवा न्यायालय कागदपत्र हजर करायला सांगू शकतं. मे २०२४ मध्ये ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली होतं, १ जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली आलं. वह्या जाळून टाकाव्यात का, हा प्रश्न संशोधिकेने विचारला. पुरावा म्हणून मागितलं जाऊ शकतं हे माहीत असताना, ते मिळू नये म्हणून कागद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे आम्हाला विद्यापीठातल्या कायद्याच्या एका सहकाऱ्याने बजावलं. आणि मॅनेजर म्हणजे काही न्यायालय नव्हे. त्याला वही दाखवली असती तर त्याच्याच स्टाफमधल्या मुलींनी त्याच्याबद्दल सांगितलेलंही त्याच्या हातात गेलं असतं.

काय केलं

भावाला फोन करण्याआधी संशोधिकेने साताऱ्याचीला फोन केला. हा क्रम महत्त्वाचा होता. मी खोटं बोलणार नाही, पण तुझ्याबद्दल एक शब्दही सांगणार नाही, असं तिने सांगितलं. मुलगी चिडली. "मग तुमच्या अभ्यासाचा मला काय उपयोग?" असं म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी तिनेच परत केला. त्या पंधरा मिनिटांत आम्ही एक तोड काढली होती: विभागाच्या लेटरहेडवर एक पत्र. शहरात रात्रीच्या वेळी महिलांचा वावर आणि सुरक्षितता यावर असा असा अभ्यास चालू आहे, त्यासाठी संशोधिका आणि सहभागी महिला रात्री हॉटेल, परमिट रूम, पब अशा ठिकाणी जातात, सहभागींची नावं कुणालाही, नातेवाइकांनाही, सांगितली जात नाहीत. खाली माझी सही आणि विभागाचा फोन. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. कुणाचंच नाव नव्हतं. ते वापरायचं की नाही, कसं वापरायचं, हे तिच्यावर सोडलं.

मग भावाला फोन. मी स्पीकरवर ऐकत होते आणि ते संशोधिकेने त्याला आधीच सांगितलं.

"मॅडम, माझी बहीण तुमच्याबरोबर होती का नाही, एवढंच सांगा."

"दादा, माझ्या अभ्यासात कोण आहे, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्या बहिणीने तुमच्याबद्दल विचारलं तरी सांगणार नाही."

तो थोडा थांबला. मग आवाज उतरला. "तसं नाही मॅडम. गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली. लग्नाचं बघतोय आम्ही तिच्या."

तो अर्धा तास बोलला. त्यात बहिणीच्या पिण्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं होती. बाकी सगळं क्लिप कुणी कुणी बघितली याबद्दल होतं. चुलते, आत्याचे यजमान, ज्यांच्याकडून स्थळ येणार होतं ती माणसं. बहीण पिते याचं वाईट वाटलंच असेल, पण लोकांना ते दिसलं यानेच घर खचलं होतं. संशोधिकेने त्याला उपदेश केला नाही, बाजू मांडली नाही. ऐकून घेतलं. माझ्या मते त्या दिवशी तिने केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

मॅनेजरला तिने वही दाखवली नाही. जागेचं नाव आणि तारखा आमच्या आधीच ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे टंकलिखित टिपणांतून निघतच होत्या. ते काम आम्ही घाईने उरकलं नाही आणि थांबवलंही नाही. कुणी विचारलंच तर नेहमीचं काम नेहमीसारखं चाललं होतं, हे दाखवता यावं म्हणून. विभागप्रमुखांना लेखी कळवलं. शेवटी पोलिसांनी किंवा उत्पादन शुल्क खात्याने काहीच मागितलं नाही.

बाकीच्या सगळ्या सहभागींना त्याच आठवड्यात एकेक करून फोन गेले. काय घडलंय (साताऱ्याचीची ओळख न देता), कायद्याने आमचं संरक्षण कुठवर आहे आणि कुठे नाही, तुम्हाला तुमचा मजकूर काढायचा असेल तर कारण न देता काढता येईल. दोघी बाहेर पडल्या. उरलेल्यांपैकी काही जणींनी आपल्या मुलाखती वाचायला मागितल्या आणि त्यातले तपशील स्वतः बदलले. नगरचीने आपल्या स्कूटीचा रंग बदलायला सांगितला. आम्हाला कधी सुचलंही नसतं, पण तिच्या ऑफिसात तेवढ्यावरून ती ओळखू आली असती.

निष्पत्ती

भाऊ दोन दिवसांनी पुण्यात आला आणि बहिणीला घरी घेऊन गेला. पत्र तिने दाखवलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि देवघरातल्या फायलीत ठेवून दिलं, असं तिने नंतर सांगितलं. पत्राने तिला पूर्ण वाचवलं नाही. पण घरातल्यांना बाहेर सांगायला एक खरी गोष्ट मिळाली आणि चुलत्यांची तोंडं त्यावर बंद झाली. ती घरूनच ऑफिसचं काम करत राहिली आणि महिन्याभराने परत आली. अट एकच: पीजी बदलायचं, दहाला दार बंद करणाऱ्या वॉर्डनकाकू असलेलं बघायचं. तिने ते मान्य केलं. ध्वनिमुद्रित मुलाखत मागे घेतली. तिच्या जागी दोन पानं स्वतःच्या हाताने लिहून दिली, ती प्रबंधात आहेत.

पबची परवानगी गेली. संशोधनाची अर्धी जागा हातची गेली आणि तिथूनच प्रबंधाला खरी दिशा मिळाली. तपासण्यांच्या त्या महिन्यांत मुलींचं पिणं थांबलं नव्हतं, ते फ्लॅटवर गेलं होतं. वाइन शॉपमध्ये कोण जाणार, हा पहिला प्रश्न. मुलग्यांच्या रांगेत उभं राहायला कुणी तयार नसायचं, म्हणून ओळखीच्या मुलाला पाठवायचं किंवा लांबच्या दुकानात जायचं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत, पिशवी कॉलेजच्या सॅकमध्ये. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या सोसायटीच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, कारण कचरा वेगळा करणाऱ्या मावशी सेक्रेटरींना सांगतात. त्या परत सॅकमधून ऑफिसच्या रस्त्यावर. संशोधिकेने हे सगळं बारकाईने लिहिलंय. पबमध्ये निदान बाउन्सर बाई असते, उजेड असतो, चार मैत्रिणी असतात, वेटर असतो. फ्लॅटवर ज्या मुलाला बाटली आणायला पाठवलं तो मग थांबतोही, आणि त्याला जा म्हणणं अवघड होतं. मुलींना वाचवायच्या नावाखाली जी मोहीम उभी राहिली तिने त्यांना कमी सुरक्षित जागी ढकललं, हा प्रबंधातला मध्यवर्ती निष्कर्ष झाला.

दुसरा बदल भावाच्या फोनमुळे झाला. संशोधिकेने मुलगे आणि भाऊ यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. त्यांना त्यांच्या पिण्याबद्दल विचारलं की ते कधी, कुठे, किती हे मोकळेपणाने सांगायचे. का पिता, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मुलींना मात्र तो आम्हीही पहिल्याच प्रश्नावलीत विचारला होता. पुढच्या प्रश्नावलीतून तो दोघांसाठीही काढला.

आज आराखडा करायचा तर

सहभागींना पहिल्या भेटीत विचारायचं: घरच्यांनी मला फोन केला तर मी काय म्हणू? तीन-चार पर्याय समोर ठेवायचे, त्यात 'ती या अभ्यासात आहे' असं तिच्या लेखी संमतीने सांगणंही यावं. संकट आल्यावर रात्री साडेदहाला हा विचार करायला लागणं मुलीवर अन्याय आहे.

ते बिनानावाचं पत्र पहिल्या दिवशीच सगळ्यांना द्यायचं. पोलिसांनी अडवलं, वॉर्डनने विचारलं, घरमालकाने हटकलं, तर ते पर्समध्ये असावं.

नेमकं वय टिपायचंच नाही. २१ ते २४ आणि २५ च्या पुढे, इतकी विभागणीही कायद्याच्या दृष्टीने घातक आहे. 'पंचविशीच्या आगेमागे' एवढं पुरतं. कुणी काय मागवलं, हे विश्लेषणाला लागत नसेल तर लिहायचं नाही. मागवण्याची पद्धत, बिल कोण भरतं, वेटर कुणाकडे बघतो, अभ्यासाचा गाभा यातच होता.

विद्यापीठांच्या नीती समित्यांकडे एक मागणी करावीशी वाटते. संमतिपत्र तपासताना त्या सहभागीला इजा होईल का, एवढंच विचारतात, आणि इजा म्हणजे त्यांना दवाखान्यातली इजा वाटते. या विषयात इजा म्हणजे मोडलेलं स्थळ, बंद झालेली नोकरी, बदललेलं पीजी. ती फॉर्मवर लिहायला रकाना नाही. तो व्हावा.

साताऱ्याचीचं म्हणणं आजही आमच्यापेक्षा वेगळं आहे. तुम्ही दादाला 'ती पीत नाही' एवढं सांगितलं असतं तर मला तो महिना काढावा लागला नसता, आणि तुमचं खोटं कधीच उघडं पडलं नसतं, कारण आमच्या घरात मॅडमच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, असं ती म्हणते. मी तिला माझी कारणं पुन्हा सांगितली. तिला ती पटली नाहीत. संशोधिकेने पद्धतीच्या प्रकरणात तिचं हे म्हणणं तिच्या शब्दांत, आमच्या उत्तराच्या आधी, घातलं आहे.